अन्वीला एक पडला

शैलाबाईंच्या घरात देवाच्या खालोखाल मार्कांना मान होता, आणि तो उगीच नव्हता. त्यांचा सत्यजित बारावीला असताना गणितात त्याला फारच कमी मार्क पडले. पोरगं तोंड लपवून बसलं. नवरा म्हणाला, नशीब. शैलाबाई म्हणाल्या, नशीब नंतर बघू, आधी बेरीज तपासू. कराडच्या स्टँडवरून एस.टी. धरून त्या थेट बोर्डाच्या ऑफिसात गेल्या आणि रीचेकिंगचा अर्ज देऊन आल्या. पेपर पुन्हा उघडला तेव्हा एका अख्ख्या प्रश्नाचे मार्क बेरजेत धरायचे राहिलेले निघाले. ते धरले आणि सत्यजित इंजिनिअरिंगला लागला. तिथून नोकरी, नोकरीतून जर्मनी, आणि आता एर्लांगेनला स्वतःचं घर. खिडकीखालून सायकली जाताना बघत चहा पिताना शैलाबाईंना नेहमी वाटायचं, हे सगळं त्या राहून गेलेल्या मार्कांवर उभं आहे.

"परीक्षकही माणूसच असतो," त्या म्हणायच्या. "त्याला आपलं चांगलं ते नीट दाखवावं लागतं. न दाखवता कोण मार्क देतो?"

वर्षातले काही महिने त्या लेकाकडे राहायच्या. लेक, सून इरा आणि नात अन्वी.

अन्वी नऊ वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि पाठीच्या कण्यातल्या नसांना सूज आली. ताप उतरला, पण जाताना छातीखालचं बळ घेऊन गेला. आता ती सोळाची होती. व्हीलचेअर तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की फुटपाथच्या कडेवरून ती खुर्ची अशी उचलून घ्यायची जशी कुणी परकराचा घोळ उचलावा. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं आणि त्यात मधूनच एखादा मराठी शब्द लागायचा, भातात वेलदोडा लागावा तसा.

शाळेत खेळाचा तास आला की मास्तर मोठ्या मायेनं तिच्या हातात स्टॉपवॉच द्यायचे. बाकीची पोरं पळायची, अन्वी वेळ मोजायची. मास्तरांचा हेतू चांगला होता, म्हणून तिला रागावताही यायचं नाही. पण घरी आली की ती दप्तर असं आपटायची की इरा न विचारताच ओळखायची, आज खेळाचा तास होता.

मग गेल्या वर्षी तिला बास्केटबॉल सापडला. दर मंगळवारी एका हॉलमध्ये व्हीलचेअरवरची सातआठ पोरं जमायची आणि खुर्च्या एकमेकांवर आपटत खेळायची. पहिल्या दिवशी अन्वी खुर्चीसकट उताणी पडली आणि घरी येऊन हसत हसत जेवली. शैलाबाईंनी ते फोनवर पाहिलं आणि कराडमध्ये देवापुढं साखर ठेवली.

यंदा जूनमध्ये एर्लांगेनला दोन दिवसांची स्पर्धा ठरली. हायडेलबर्ग, ड्रेस्डेन आणि आणखी दोन गावांचे संघ येणार होते. प्रत्येकाकडं एकदोन खेळाडू कमी होते. मंगळवारच्या पोरांचा बदली खेळाडू धरून आपला पुरा संघ होत नव्हता, म्हणून असं ठरलं, की पाहुण्या संघांनी त्यांच्यातून हवे ते निवडायचे. अमेरिकेतले मोठे संघ नवे खेळाडू असे पाळीपाळीनं घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, म्हणून पोरांनीही त्याला ड्राफ्टच म्हणायला सुरुवात केली. आपल्या संघात कुठली जागा रिकामी आहे ते प्रशिक्षकानं बघायचं आणि त्या जागेला बसेल असं पोर मागायचं. जी पोरं उरतील त्यांनी टेबलाशी बसून गुण लिहायचे आणि घड्याळ धरायचं.

"घड्याळ नको, आजी," अन्वी आठवडाभर म्हणत होती. एवढं मात्र ती मराठीत म्हणायची.

ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाची तपासणी होऊन त्याला पॉइंट मिळणार होते. सत्यजितला त्याची मेल आली होती. त्यानं वरच्या चार ओळी वाचल्या आणि खाली, सगळेच करतात तसं, 'वाचलं, मान्य आहे' यावर टिचकी मारली.

"एकपासून साडेचारपर्यंत पॉइंट देतात, आई. हिचा कोच म्हणत होता, हिला एक मिळेल."

शैलाबाईंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. "साडेचारांत एक?"

"हो."

"म्हणजे पास व्हायपुरतेसुद्धा नाहीत."

"आई, ही काय बोर्डाची परीक्षा आहे का?"

"तपासणार आहेत ना? आकडा देणार आहेत ना? मग परीक्षा नाही तर काय, हळदीकुंकू आहे?"

सत्यजित हसला आणि लॅपटॉप घेऊन आत गेला. पोळीला मात्र डाग पडला.

शैलाबाईंनी मनाशी विचार केला. पोरगी हुशार, हात चपळ, नजर तीक्ष्ण. कमी कुठं पडते? तर बसण्यात. चेंडू घ्यायला जरा पुढं झुकली की तिची पाठ दुमडायची, छाती मांडीवर यायची आणि मग मांडीवर हात रोवून तिला स्वतःला वर ढकलावं लागायचं. परीक्षकाला नेमकं तेच दिसणार. मग तेच दिसू नये असं काय करता येईल?

त्यांच्या बॅगेत तळाशी एक फडकं असायचं. जुन्या सुती साडीचा लांब पट्टा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. अन्वी झाली तेव्हा त्या इराच्या बाळंतपणाला इथं आल्या होत्या आणि रोज सकाळी त्याच पट्ट्यानं त्यांनी इराचं पोट कसून बांधलं होतं. घरी येणारी जर्मन सुईण ते बघून आधी कपाळाला आठ्या घालायची, मग गाठ कशी मारता ते विचारायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी अन्वीला पलंगावर आडवं केलं आणि पोटापासून फासळ्यांपर्यंत पट्टा आवळून बांधला. वरून जर्सी. अन्वी खुर्चीत बसली आणि स्वतःच चकित झाली. पाठ सरळ. जशी कुणी मागून धरून ठेवली आहे.

"कसं वाटतंय?"

"गूट," अन्वी म्हणाली. आरशात स्वतःकडं बघून आणखी एकदा म्हणाली, "झेअर गूट," म्हणजे फारच छान.

तपासणाऱ्या बाईंचं नाव होतं फ्राउ क्रॅमर. आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर असा भाव की यांच्यापुढं खोकायचंसुद्धा विचारून. अन्वीला त्यांनी खुर्ची पळवायला लावली, चेंडू फेकायला, झेलायला लावला. खुर्चीला पट्टे कुठं कुठं आहेत ते विचारलं. अन्वीनं खुर्चीचे पट्टे दाखवले. पोटावरचं फडकं खुर्चीचं नव्हतं, आजीचं होतं, ते सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. ती वाकली, वळली, पुन्हा सरळ झाली. बाईंनी लिहिलं, दोन.

कोचनं भुवया उंचावल्या. सत्यजितनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आणि शैलाबाईंनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. दूध पावडरचे, घरी वळलेले. निकाल चांगला लागणार याची त्यांना खात्रीच होती.

फ्राउ क्रॅमरनी हात जोडल्यासारखे करून नको म्हटलं. तपासणारी आहे, स्पर्धा चालू असताना कुणाचं काही घेता येत नाही. शैलाबाईंना ते आवडलं. परीक्षक असावा तर असा. मग त्या डबा घेऊन प्रशिक्षकांकडं वळल्या. त्यांतला एक, व्हीलचेअरवरचा तिशीतला दाढीवाला तरुण, डब्यात डोकावून चक्क मराठीत म्हणाला, "पेढे? इथं?"

"अगंबाई. कुठला रे तू?"

"सांगलीचा, आजी. उत्कर्ष. ड्रेस्डेनला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात असतो. कंबर मोटरसायकलखाली आली, तेव्हापासून हा खेळ. आता पोरांना शिकवतो."

"सांगलीचा म्हणजे घरचाच. दोन घे."

त्यानं एक तोंडात टाकला. "कशाबद्दल?"

"माझ्या नातीला दोन पडले. एक पडणार म्हणत होते, दोन पडले."

उत्कर्षची दाढी हलायची थांबली. त्यानं मैदानात अन्वीकडं पाहिलं, मग शैलाबाईंकडं. "असं होय," एवढंच म्हणाला आणि राहिलेला पेढा हातातच धरून बसला.

दुपारी ड्राफ्ट झाला. प्रशिक्षक अर्धगोल बसले, पोरं समोर. हायडेलबर्गला चेंडू खेळवत पुढं आणणारा हवा होता, त्यांनी चपळ हातांचा एक मुलगा घेतला. दुसऱ्यांना बास्केटखाली ठाण मांडील असा उंच गडी हवा होता. तिसऱ्यांनी लांबून नेम धरणारी मुलगी मागितली. सत्यजित आईच्या कानात एकेक सांगत होता. शैलाबाई निर्धास्त होत्या. दोन पडलेली पोर आहे, आता नाव येईल, मग येईल.

उत्कर्षची पाळी आली तेव्हा त्यानं पोरांवरून नजर फिरवली, अन्वीपाशी जरा थांबवली आणि म्हणाला, "ड्रेस्डेनला जे हवं ते समोर दिसत नाही. आमची पाळी संध्याकाळपर्यंत राखून ठेवतो."

अन्वी आणि आणखी दोघं उरली. हसतमुख चेहऱ्याची एक स्वयंसेविका आली, तिनं अन्वीच्या खांद्यावर थोपटलं आणि तिच्या मांडीवर स्टॉपवॉच ठेवलं.

दोरी गळ्यात अडकवून अन्वी टेबलाशी जाऊन बसली. ताठ बसली, फडक्यामुळं तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. शैलाबाईंच्या मनात आलं, रडायलासुद्धा माणसाला जरा वाकावं लागतं.

त्या उठल्या आणि तडक उत्कर्षपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"सांगलीकर, माझा पेढा खाल्लास आणि माझी पोर घेतली नाहीस?"

"आजी, बसा आधी."

"उभ्यानंच बोल. ज्याला दीड पडलाय त्याला त्या पलीकडच्यांनी घेतलं. हिला दोन पडलेत."

"दोन पडले हाच घोटाळा झाला ना, आजी." उत्कर्षनं खुर्ची त्यांच्याकडं वळवली. "हे मार्क नव्हेत. ज्याचं शरीर त्याला जितकी साथ देतं, तितके त्याचे पॉइंट. ती आमची लेना बघा, लाल जर्सीवाली. एक पाय गुडघ्याच्या वरपासून नाही, पण कंबर, पोट, पाठ सगळं शाबूत. तिला चार. छातीखाली ज्याला काहीच आधार नाही, त्याला एक. मैदानात पाच जण असतात आणि पाचांची बेरीज चौदाच्या वर जाऊन चालत नाही."

"का?"

"नाहीतर प्रत्येकजण धडधाकट तेवढेच खेळवील आणि अन्वीसारखी पोरं जन्मभर टेबलाशी बसतील."

शैलाबाई आता बसल्या.

"माझ्याकडं दोन चार-वाले आहेत," उत्कर्ष म्हणाला. "एक तीन, एक दोन. किती झाले?"

"तेरा."

"उरला एक. मला एकच्याच जागेला माणूस हवा आहे. एक-वाला म्हणजे बास्केट मारणारा नव्हे. समोरच्या मोठ्या गड्याच्या वाटेत खुर्ची आडवी घालून त्याला अडकवून ठेवायचं आणि आपल्याला वाट करून द्यायची. त्याला हात चपळ लागतात आणि डोकं थंड लागतं. तुमच्या कोचनं मला अन्वीचा मंगळवारचा व्हिडिओ पाठवला होता. मी ड्रेस्डेनहून निघतानाच ठरवून आलो होतो, ही मुलगी घ्यायची. आता तिला दोन म्हणून घेतली तर बेरीज पंधरा होते. लेनाला बाहेर बसवावं लागेल. आणि लेना बाहेर बसली, तर अन्वी वाट करून देणार कुणाला?"

शैलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सगळ्या जन्मात कमी आकड्याला जागा राखून ठेवलेली त्यांनी ऐकली नव्हती.

"पण व्हिडिओत ती वाकत होती," उत्कर्ष हळूच म्हणाला. "आज वाकली नाही. ते मला कळेना."

"मी फडकं बांधलंय," शैलाबाई म्हणाल्या.

"काय बांधलंय?"

"बाळंतिणीचं पोट बांधतात ना, तसं."

उत्कर्षनं डोळे मिटले. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय हे कळायला शैलाबाईंना थोडा वेळ लागला.

"हसू नकोस. आता काय करायचं ते सांग."

"आल्झो, तर मग," तो डोळे पुसत म्हणाला, "रीचेकिंग."

दोघं फ्राउ क्रॅमरकडं गेले. शैलाबाई मराठीत बोलल्या, उत्कर्षनं ते जर्मनमध्ये सांगितलं. तपासणी पुन्हा व्हावी, पॉइंट एकनं कमी व्हावेत. बाईंचा चेहरा दारासारखा बंद झाला. त्या बरंच काही बोलल्या. उत्कर्षनं जपून सांगितलं, "त्या म्हणतात, पॉइंट कमी करून घ्यायला लोक नाना सोंगं करतात. येत असलेलं येत नाही म्हणून दाखवतात. असं मागणं घेऊन येणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही."

"त्यांना म्हणावं, सोंग सकाळी झालं. आता सोडवायचंय. पोरीला घेऊन येते, तुमच्या डोळ्यांनी बघा."

उमक्लाइडेत, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीत, शैलाबाईंनी नातीला बाकावर आडवी केली आणि गाठीला हात घातला. इराही आली होती. फडकं बघताच तिनं ओळखलं. "अहो आई, हे तर माझं," ती म्हणाली आणि अन्वीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सकाळपासूनच्या घामानं गाठ दगडासारखी झाली होती. शैलाबाईंची बोटं म्हातारी, सुटता सुटेना.

अन्वीला सगळं सांगून झालं होतं. ती छताकडं बघत होती. जर्मनमध्ये हळूच काहीतरी म्हणाली. शैलाबाईंना ते कळलं नाही. इराला कळलं, पण तिनं सांगितलं नाही. मग अन्वी स्वतःच मराठीत म्हणाली, शब्द वेचून वेचून. "आजी, तुला माझी लाज वाटते?"

शैलाबाईंचे हात थांबले.

"लाज नाही गं." त्या गाठीकडंच बघत बोलत होत्या. "तू वाकलीस ना, की माझा हात आपोआप पुढं येतो, धरायला. कराडला असते, फोनवर तुला बघते, तरी हात पुढं येतो. मी तिथं, तू इथं. कसा पुरायचा? म्हणून फडकं बांधलं."

अन्वीनं मान वळवून आजीकडं पाहिलं. "मी पडते," ती म्हणाली. "मग उठते. इश कान दास."

"काय म्हणाली?"

"मला येतं ते, म्हणाली," इरानं सांगितलं.

"दिसतंय," शैलाबाई म्हणाल्या आणि गाठीला दात लावले. गाठ सुटली.

अन्वीच्या पोटावर फडक्याच्या कडांचे लाल वळ उठले होते. फ्राउ क्रॅमरनी ते वळ पाहिले, शैलाबाईंच्या हातातलं लांबच लांब लटकणारं फडकं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचं दार जरासं किलकिलं झालं. त्यांनी अन्वीला पुन्हा मैदानात घेतलं.

या वेळी फडकं नव्हतं. चेंडू पुढं टाकला, अन्वीनं हात लांबवला आणि तिची पाठ दुमडली, छाती मांडीवर आली. हॉलमधली इतर पोरं थांबून बघत होती. शैलाबाईंचा हात पुढं आला. त्यांनी तो कठड्यावर ठेवला आणि कठडा घट्ट धरला. अन्वीनं एका हातात चेंडू, दुसरा हात मांडीवर रोवला आणि स्वतःला वर ढकललं. पुन्हा चेंडू, पुन्हा तेच. एकदा तोल जाऊन ती खुर्चीसकट आडवी झाली. कुणीच धावलं नाही. ती कोपरावर वळली, चाकाला धरून खुर्ची हेलकावली आणि दुसऱ्या झटक्यात सरळ झाली. शैलाबाईंनी आजवर हे फोनवरच पाहिलं होतं. फोनवर ती पोरगी एवढी मोठी दिसत नव्हती.

फ्राउ क्रॅमर कागद घेऊन त्यांच्याजवळ आल्या. दोनवर काट मारलेली, शेजारी एक. मग त्या उत्कर्षला काहीतरी म्हणाल्या, तोंड गंभीरच, पण डोळ्यांच्या कडा हलत होत्या.

"त्या म्हणतात," उत्कर्ष म्हणाला, "इतकी वर्षं हे काम करते. पॉइंट वाढवायला लबाडी करणारी आजी आज पहिल्यांदा पाहिली."

"त्यांना म्हणावं, पोरीचं काही चुकलं नाही. आणि पुन्हा तपासलंत, तुमचे उपकार झाले."

संध्याकाळी उत्कर्षनं राखून ठेवलेली पाळी घेतली आणि अन्वीचं नाव घेतलं. ते ऐकून हायडेलबर्गच्या प्रशिक्षकानंही हात वर केला. एक-वाली आहे हे आधी कळलं असतं तर आम्हीच घेतली असती. त्यावर दोघांची थोडी वादावादी झाली आणि शैलाबाईंना ती एखाद्या गाण्यासारखी गोड लागली. अन्वीनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सामने झाले. सुरुवातीला शैलाबाईंना काहीच समजेना. चेंडू इकडून तिकडं जाई, त्यांची नजर चेंडूमागं, आणि चेंडू कधी अन्वीकडं येतच नव्हता.

"तिला कुणी देतच नाही रे."

"आई, चेंडूकडं बघू नकोस," सत्यजित म्हणाला. काल रात्री त्यानं मेलमधले सगळे नियम वाचून काढले होते, खालपर्यंत. "जिथं चेंडू नाही तिथं बघ. अन्वीकडं बघ."

त्यांनी बघितलं. समोरच्या संघात एक दांडगा मुलगा होता, रुंद खांद्यांचा. लेना चेंडू घेऊन निघाली की तो तिला अडवायला सुटायचा. आणि तो सुटायच्या आधी अन्वी तिथं पोचलेली असायची. तिची खुर्ची त्याच्या खुर्चीला आडवी, चाकाला चाक. तो ढकलायचा, पण त्याला वाट मिळायची नाही. धक्क्यानं अन्वी पुढं दुमडायची, पण तिची खुर्ची जागची हटत नव्हती. तेवढ्यात लेना मोकळ्या वाटेनं पुढं गेलेली असायची.

बास्केट झाली. सगळे लेनासाठी टाळ्या वाजवत होते. आणि लेनानं मागं वळून अन्वीकडं बोट रोखलं.

"ही बया माझ्या पोरीकडं बोट का दाखवते?" शैलाबाई अर्ध्या उठल्या. "तिनं काय केलं?"

"बस, आई. ते आभार असतात. बास्केट मी मारली, पण तुझ्यामुळं, असं सांगतात."

शैलाबाई बसल्या. मग दर खेपेला त्या चेंडू जाळीतून पडायची वाट न बघता लेनाच्या बोटाची वाट बघायला लागल्या. ते दर वेळी यायचं. आपल्याकडं बोट दाखवलं की माणूस खाली मान घालतो. इथं अन्वी मान वर करत होती.

ड्रेस्डेन शेवटचा सामना हरलं आणि तिसरं आलं. अन्वीनं सगळ्या सामन्यांत एकही बास्केट मारली नाही. तरी परतताना त्या लाल जर्सीवाल्या पोरांनी तिला मधोमध घेऊन फोटो काढला आणि उत्कर्षनं सत्यजितला विचारलं, पुढच्या स्पर्धेला ट्रेननं पाठवाल का हिला.

डब्यात थोडेच पेढे उरले होते. शैलाबाईंनी आधी तो फ्राउ क्रॅमरपुढं धरला. स्पर्धा संपली होती. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली, एक पेढा घेतला, खाल्ला आणि न विचारता दुसरा उचलला. शैलाबाईंना जर्मन येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि फ्राउ क्रॅमरकडं बोट रोखलं. मग अन्वीला चेंडूमागं धाडताना ज्या आवाजात त्या हुकूम सोडत होत्या, त्याच आवाजात बाई म्हणाल्या, "बिट्टे," म्हणजे, त्यात काय एवढं.

घरी आल्यावर कराडहून नणंदेचा फोन आला. प्रभावन्सं. ग्रुपवरचा कालचा फोटो त्यांनी अर्ध्या गावाला दाखवला होता.

"काय गं शैला, दोन पडले ना आपल्या अन्वीला?"

"नाही वन्सं. पुन्हा तपासायला लावलं. एक पडला."

"अगंबाई. मग गं आता?"

"मग काय," शैलाबाई म्हणाल्या. दोरीवर धुऊन घातलेलं फडकं वाऱ्यानं हलत होतं, आणि त्याच्या खालून अन्वी खुर्ची पळवत, पुन्हा पुन्हा वळवत, कुठल्यातरी न दिसणाऱ्या दांडग्याला अडवत होती. "पेढे वाटले. तुमच्यासाठी दोन ठेवलेत."